गॅजेटच्या पानावर स्क्रूबद्दल एक ओळ तरी छापा

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत स्वयंपाकघरातल्या नवनव्या गॅजेट्सवर अख्खं पान होतं. फोटो झकास, वाचायलाही बरं, आमच्या घरात तर त्या पानावरून संध्याकाळपर्यंत चर्चा चालली, बायकोला तो दोरी ओढायचा चॉपर आवडला आणि पोरीला एअर फ्रायर. मी मात्र त्या पानात एकच गोष्ट शोधत होतो, ती काही सापडली नाही म्हणून हे पत्र. यातली एखादी वस्तू बंद पडली तर ती कोण उघडणार, पार्ट कुठं मिळणार, आणि मुळात ती उघडते तरी का, याच्यावर एक ओळ नव्हती. किंमत होती, रंग होते, किती वॅट ते होतं, पण स्क्रू कुठंच नव्हता.

माझं कराडात कुकर-मिक्सर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, वडलांनी टाकलेलं. त्यांच्या काळात मुख्य धंदा स्टोव्हचा. रॉकेलचा पितळी स्टोव्ह आता पोरांना दाखवायला पण मिळत नाही, पण त्याची रचना बघा काय होती, १८९२ साली स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने हा बिनवातीचा, पंप मारायचा स्टोव्ह काढला आणि तोच पुढची शंभर वर्षं आपल्याकडे गावोगाव भरभरत होता. बिघडला तर बिघडणार काय, एक तर जेटमध्ये कचरा, त्याला पिन. नाहीतर पंपातलं चामड्याचं वॉशर वाळलेलं, ते काढून दोन थेंब गोडेतेल लावून बोटाने पसरवायचं की परत हवा धरायला लागतं. ही दोन्ही कामं घरातली बाई चुलीशेजारी बसल्या बसल्या करायची, आमच्या दुकानात स्टोव्ह यायचा तो बर्नर गेला किंवा टाकीला डाग द्यायचा असला तरच. स्टोव्ह चांगला होता असं माझं म्हणणं नाही हं, भडके उडून लोक भाजलेत, गॅस आला ते फार बरं झालं. पण वापरणाऱ्याला तो आतून माहीत होता, एवढंच सांगतोय.

आता तुमच्या पानावरचा तो चॉपर. कांदा टाका, झाकण लावा, दोरी ओढा, खळ्ळ खळ्ळ, झालं. वस्तू चांगली आहे, खोटं कशाला बोलू, वीज लागत नाही आणि डोळ्यात पाणी येत नाही. झाकणाच्या पोटात एक चकती असते, तिला दोरी गुंडाळलेली आणि तिच्यामागे पट्टीची स्प्रिंग, आपण दोरी ओढली की पातं फिरतं आणि स्प्रिंग आवळते, सोडली की स्प्रिंग दोरीला परत आत खेचते. साधं काम आहे. दोरी तुटते ती नेहमी एकाच जागी, झाकणाच्या भोकाच्या काठावर घासून घासून. नवीन दोरी दोन-पाच रुपयांची, ओवायला दहा मिनिटं. पण माझ्याकडे येतात त्यातल्या निम्म्याहून जास्त चॉपरांच्या झाकणाला स्क्रूच नसतो, प्लॅस्टिकच्या खाचा एकमेकांत अडकवून कायमचं बंद केलेलं असतं, चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलं की खाच तुटते आणि मग दोरी नवी असून झाकण बसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं जाऊ दे, नवीन घेतो. बरोबरच आहे, नवीन दोन-अडीचशेला मिळतो. पण जुना कुठं जातो ते बघायचं तर आमच्या गावाबाहेरच्या ओढ्यावर जाऊन बघा. आणि गंमत सांगतो, काही कंपन्यांचे चॉपर याच किमतीत तीन स्क्रू लावून येतात, म्हणजे परवडत नाही ही सबब खरी नाही, फक्त कुणी विचारत नाही.

दुरुस्ती होत नाही म्हणून आपल्या देशात केवढं मोठं काम उभं राहिलंय हे पण एकदा तुमच्या पानावर यायला पाहिजे. साठच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, माधुरी माथुर नावाच्या बाईंकडे ब्राऊन कंपनीचा जर्मन मिक्सर होता, त्याची मोटर जळाली. आपला मसाला, डाळी, वाटणं, ते दळायला तो बनवलेलाच नव्हता, आणि भारतात दुरुस्त करून द्यायला कुणी नाही. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनियर, बाईंनी सांगितलं मग तुम्हीच एक बनवा की. त्यातून १९६३ साली कंपनी निघाली आणि सुमीत मिक्सर आला. नंतर कितीतरी वर्षं मिक्सर म्हणजे सुमीतच, लग्नात आहेर म्हणून यायचा. आजही माझ्याकडे म्हाताऱ्या बायका सुमीत घेऊन येतात आणि तो उघडला की मला बरं वाटतं, स्क्रू समोर, वायर मोकळी, मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे बदलायला खिडकी. आपल्या हळकुंडाला आणि भिजवलेल्या डाळीला टिकेल अशी मोटर पाहिजे हे त्या माणसाला कळलं कारण जळालेली मोटर त्याच्या घरात होती.

मिक्सरचं निघालंच आहे तर थोडं लिहितो, छापायचं तर छापा, वाचकांचे पैसे वाचतील. निम्मे मिक्सर बिघडलेलेच नसतात. चालता चालता एकदम बंद पडला म्हणून पिशवीत घालून घेऊन येतात, मी तो उलटा करतो, बुडाला लाल बटण असतं ते दाबतो, चालू. ते ओव्हरलोडचं बटण, जास्त भरलं किंवा पातं अडकलं की मोटर जळू नये म्हणून ते स्वतःहून सुटतं. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा, भांड्यातलं थोडं काढायचं, बटण दाबायचं. याचे मी पैसे घेत नाही, पण रिक्षाचे तर जातातच ना गिऱ्हाइकाचे.

दुसरं म्हणजे कपलर. मोटरच्या डोक्यावर ती दातेवाली चकती असते ती. तिचे दाते गेले की घर्रर्र आवाज येतो, भांडं फिरत नाही आणि लोकांना वाटतं मोटर गेली. उलट तो पार्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, काहीतरी अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. चाळीस-पन्नास रुपयाची वस्तू. घरी बदलणार असाल तर बऱ्याच मिक्सरांत त्याचे आटे उलटे असतात एवढं ध्यानात ठेवा, नेहमीच्या दिशेने जोर लावत बसाल तर अजून घट्ट होईल. आणि भांड्याच्या बुडातून काळं पाणी यायला लागलं तर पात्याच्या दांड्याभोवतीचा बुश झिजलाय, तसंच चालवू नका, ते काळं चटणीत पण जातंय.

मिक्सरची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते, त्यामुळे वाटण गरम होतं, हे काही कुठल्या कंपनीचं पाप नाही, वेगाचा धर्मच आहे तो. पाट्यावरची चटणी वेगळी लागते ती याच्यामुळे, तिथं पातं कापत नाही, दगड चिरडतो, आणि गरम होत नाही. म्हणून इडलीच्या पिठाला कोइमतूरचा दगडी ग्राइंडर चांगला, तो सावकाश फिरतो. त्या ग्राइंडरला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे तसंच. कुणी विचारलं तर मी सांगतो, रोज चार माणसांचा स्वयंपाक असेल तर मिक्सर पुरे, इडली-डोसा आठवड्यातून तीन वेळा होत असेल तरच ग्राइंडर घ्या, नाहीतर ओट्यावर जागा अडवून बसतो आणि वर्षभराने पट्टा वाळून तुटतो.

आता इथं काही वाचक म्हणतील, बघा, जुनं ते सोनं. नाही हो. तुमच्या त्याच पानावर खाली कोपऱ्यात चौकट होती, आजीच्या काळातला पाटा-वरवंटा किती छान, व्यायाम पण व्हायचा वगैरे. ज्यांनी लिहिलं त्यांनी कधी दहा माणसांचं वाटण उकिडवं बसून वाटलंय का ते विचारा. माझ्या आईचे गुडघे आणि पाठ त्याच्यातच गेली, आणि घरात मिक्सर आला तेव्हा सगळ्यात खूश तीच होती, पाटा तिनेच उचलून मागच्या दारी ठेवला, त्यावर आता धुणं आपटतात. जात्याचं पण तेच. गाणी छान आहेत, पण दळण पहाटे चारला उठून होतं.

जुन्या हत्यारांचं मला पटतं ते वेगळ्याच कारणाने पटतं. पुण्यात राजा केळकर संग्रहालय आहे, दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेल्या हजारो घरगुती वस्तू, आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं. तिथले अडकित्ते बघा एकदा. कुणाला मोराचा आकार, कुणाला घोड्याचा, नक्षी अशी की सुपारी कातरायची विसरून बघत बसाल, पण आहे काय तर दोन पाती आणि एक खिळा. खिळा सैल झाला तर ठोकायचा, पाती बोथट झाली तर घासायची. संपलं. लोक नक्षीचे फोटो काढतात, मी तिथं खिळ्याकडे बघत उभा होतो आणि आमची पोरगी म्हणाली चला की आता बाबा.

विळीचं तसंच. सुरीत भाजी थांबते आणि हत्यार हलतं, विळीत हत्यार थांबतं आणि भाजी हलते, पाट पायाखाली किंवा मांडीखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. म्हणून पालेभाजीची अख्खी जुडी मुठीत धरून बारीक चिरता येते, आणि त्याच पात्याच्या शेंड्याला खोवणी, नारळ फोडला की तिथंच खोवला. एका लाकडावर दोन कामं. ओटा उभ्याचा झाल्यापासून विळी मागे पडली ते साहजिकच आहे, लहान पोरं असलेल्या घरात तर मी म्हणेन ठेवूच नका, ठेवली तर पातं मिटून वरच्या फळीवर. पण जी आहे ती सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडे एकदा दिली की वर्षभर बघायला नको.

कल्हईवाल्याचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण तुमच्या पानावर तांब्या-पितळेची भांडी पण होती, परत फॅशनमध्ये आलीत म्हणे, आणि कल्हईचा शब्द नव्हता. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडं आधी घासून स्वच्छ करून निखाऱ्यावर फिरवायचं, चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो नाकात जाणारा, त्याने आतला गंज-चिकटा सुटतो, लगेच कथलाची कांडी भांड्याला टेकवायची, ती पाण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने झरझर सगळीकडे फिरवायची. काळंमिट्ट भांडं डोळ्यादेखत चांदीसारखं होतं. मग पाण्यात, चर्रर्र. कथील २३२ डिग्रीला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर विसरू नका, कल्हई सुटते. आणि बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच, टोमॅटो काही शिजवू नका, कळकतं, पोट बिघडतं. हजारो रुपयांचं पितळी पातेलं ऑनलाइन घेणाऱ्याला ही चार वाक्यं कुणी सांगत नाही, मग ते पातेलं माझ्याकडे येतं, दादा हे आतून हिरवं का झालंय. कल्हईवाले आमच्या भागात आता फार थोडे उरलेत, मोठ्या शहरात तर शोधावेच लागतात, तुम्ही त्यांची यादी छापलीत तरी उपकार होतील.

दिवाळीच्या आधी दुकानात सोऱ्यांची रांग लागते. पितळी सोऱ्याचा आट्याचा दांडा झिजला तर लेथवाल्याकडून नवीन आटे पाडून घेता येतात, मी देतो करून. ॲल्युमिनियमच्या स्वस्त सोऱ्याचे आटे गेले की भंगारात, आणि ते जातात कधी तर चकलीची भाजणी घट्ट मळलेली असते, तेल तापलेलं असतं, घरात चार बायका बसलेल्या असतात तेव्हाच. भाजणी मऊ मळा म्हणून सांगणं सोपं आहे, मग चकलीला काटा येत नाही. तेव्हा घेतानाच दांडा हातात घेऊन आटे खोल आहेत का बघा, उथळ असतील तर ठेवून द्या परत.

सगळी नवीन गॅजेट्स वाईट असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही, तसं म्हटलं तर माझाच धंदा बंद पडेल. साल काढायचा साधा पीलर घ्या. अमेरिकेत सॅम फार्बर म्हणून होते, त्यांच्या बायकोला, बेट्सींना, संधिवात, बोटांनी बारीक लोखंडी दांडीचा पीलर धरता येईना. त्यावरून त्यांनी जाड, मऊ रबरी मुठीचा पीलर करून घेतला, १९९० मध्ये बाजारात आणला, आणि तो सगळ्यांनाच आवडला कारण ज्याचा हात दुखतो त्याला जे सोपं ते बाकीच्यांना सोपंच. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, अर्धांगाने एक हात गेलेला, त्यांना तो दोरीचा चॉपर एका हाताने ओढता यावा म्हणून मी भांडं लाकडी फळीवर घट्ट बसवून दिलंय, त्या स्वतःचा कांदा स्वतः चिरतात. अशांना कुणी गॅजेटवरून हसलं की मला राग येतो. पुण्याच्या प्रणोती नगरकरांनी सिंगापुरात बसून पीठ मळण्यापासून पोळी फुगवण्यापर्यंत सगळं करणारं रोटीमॅटिक बनवलं, किंमत आपल्या आवाक्यातली नाही, पण परदेशात दोघं नोकरी करणाऱ्या मराठी घरात त्याचं काय मोल असेल ते तिकडचे वाचक सांगतील.

आणि नुसती गंमत म्हणून पण वस्तू असाव्यात की. जपानमध्ये केंजी कावाकामी नावाच्या माणसाने निरुपयोगी उपयोगी वस्तूंचा एक खेळच सुरू केला, चिंदोगु म्हणतात त्याला. गरम नूडल्स फुंकायला काड्यांना लावलेला छोटा पंखा, गोंदाच्या कांडीसारखी लोण्याची कांडी, रांगणाऱ्या बाळाच्या कपड्याला लावलेला पोछा. हसून पोट दुखतं. पण त्यांचा एक नियम आहे, चिंदोगु विकायची नाही. आपल्याकडे त्याच जातीच्या वस्तू डिस्काउंटमध्ये विकतात, केळं कापायचं वेगळं यंत्र, अंड्याचा पिवळा बलक ओढायची वेगळी पिपाणी, आणि तुम्ही त्याला पान देता.

आता कुकर. इथं मात्र गंमत नाही, जिवाशी खेळ आहे, म्हणून नीट लिहितो. कुकरची कल्पना जुनी, डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनमध्ये हाडं मऊ शिजवणारं बंद भांडं दाखवलं, आणि वाफ जास्त झाली तर सुटावी म्हणून वजनाचा व्हॉल्व पण त्याच्याच डोक्यातला. आपल्या शिट्टीचं मूळ तेच. उघड्या भांड्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं, आमच्या शेजारच्या महाबळेश्वरात तर ९५-९६ लाच, म्हणून तिथं उघड्यावर डाळ शिजता शिजत नाही. कुकरच्या आत दाब वाढला की पाणी १२० च्या आसपास जातं, म्हणून डाळ पटकन मऊ. हा दाब ती शिट्टी तिच्या वजनाने धरून ठेवते, म्हणजे शिट्टी हा कुकरचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट, शोभेचा नाही.

लोक करतात काय, शिट्टी हरवली की पाच रुपये वाचवायला दुसऱ्याच कंपनीची बसवतात. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व उडाला, तो उडतो कारण आत काहीतरी गडबड असते, तर तो बदलायच्या ऐवजी तिथं नट-बोल्ट आवळून आणतात. असा कुकर माझ्याकडे आला तर मी बोल्ट काढून घेतो आणि परत देत नाही, भांडण झालं तरी चालेल. तूरडाळीचा फेस शिट्टीच्या नळीत वाळून बसतो, ती नळी रोज धुताना उजेडाकडे धरून आरपार बघायची, दिसत नसेल तर सुई घालायची. डाळीत अर्धा चमचा तेल टाकलं तर फेस कमी होतो. गॅस्केट, म्हणजे झाकणातलं रबर, कडक झालं की कडेने वाफ जाते आणि शिट्टी होतच नाही, मग आपण गॅस मोठा करतो, खाली पाणी आटतं आणि डाळ करपते. गॅस्केट बदला, शंभराच्या आतबाहेर मिळतं.

आणि स्वस्तात ऑनलाइन कुकर घेणाऱ्यांनी आयएसआय मार्क बघा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे, नुसता शिफारस म्हणून नाही. तरी पण बिनमार्कचे विकले जात होते, २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठमोठ्या ऑनलाइन बाजारांना त्यासाठी लाख-लाख रुपये दंड केला आणि विकलेले कुकर परत घेऊन पैसे द्यायला लावले. ही बातमी तुमच्याच पेपरात आली असणार, पण गॅजेटच्या पानावर तिचा मागमूस नाही. दोन्ही पानं एकच ऑफिस काढतं ना साहेब?

परदेशात पत्र्याचा हवाबंद डबा आला १८१० च्या सुमाराला, आणि तो उघडायचं हत्यार अमेरिकेत एझ्रा वॉर्नर यांनी पेटंट केलं १८५८ मध्ये. मधली जवळजवळ पन्नास वर्षं लोक छिन्नी-हातोडीने डबे फोडत होते. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दुकानात एकटाच हसलो, कारण मी पण रोज तेच करतोय, एअर फ्रायर येतो, आत काय आहे तर एक तापणारी कॉइल आणि एक पंखा, म्हणजे छोटी भट्टीच, पण बुडाला असे तीन कोनाचे स्क्रू की नेहमीचा पेचकस चालत नाही, मी पाना घासून घासून तसा आकार करून ठेवलाय. पंखा जाम झालेला असतो, साफ करून तेल दिलं की चालतो. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर ठरलेलं, अख्खं युनिट बदलावं लागेल, आणि त्याचा खर्च ऐकून गिऱ्हाईक म्हणतं चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

यावर सरकार काही करतच नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला, त्याचं पोर्टल पण सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार भाग धरलेत. मी बघितलं जाऊन, मोठ्या कंपन्यांची माहिती आहे, पण माझ्यासारख्या बाजारपेठेतल्या माणसाला मिक्सरच्या एका मॉडेलचा सुटा पार्ट कुठून मागवायचा हे त्यावरून काही उलगडत नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही वस्तू विकताना दहापैकी गुण दाखवावे लागतात, किती सहज उघडते, पार्ट मिळतात का, त्यांची किंमत काय, हे सगळं धरून. सुरुवातीला वॉशिंग मशीन, लॅपटॉप, मोबाइल असं होतं त्यात. मिक्सरला आणि एअर फ्रायरला आपल्याकडे तसे गुण छापले तर बघा कंपन्यांना स्क्रू कसे आठवतात ते. तोपर्यंत हे काम पेपर करू शकतो, त्याला कायदा लागत नाही.

म्हणून मागणी एवढीच. पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा प्रत्येक वस्तूखाली किमतीच्या शेजारी बारीक अक्षरात छापा, झाकण-बूड स्क्रूने उघडतं की चिकटवलेलं आहे, सुटे पार्ट दुकानात मिळतात का, आणि वापरल्यावर धुवायला किती भाग सुटे करावे लागतात. हे तिसरं मी मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे बंद म्हणून येणारी अर्धी गॅजेट्स धुवायच्या कंटाळ्याने बंद पडलेली असतात, पात्याखाली आठवड्याचं आलं-लसूण वाळून बसलेलं. तुमच्या प्रतिनिधीला वस्तू उघडून बघायच्या असतील तर कंपनीने पाठवलेले नमुने माझ्या दुकानात आणा, मी बाकावर उघडून दाखवतो, फोटो काढा, पैसे नकोत. फक्त गणपती आणि दिवाळीच्या आधीचा पंधरवडा सोडून या, तेव्हा सोरे आणि मोदकपात्रं असतात, मान वर करायला फुरसत नसते.

आपला नियमित वाचक,
एक कुकर-मिक्सर दुरुस्तीवाला, कराड

ता. क. – पत्र लांबलं, कापायचं असेल तर केळकर संग्रहालय आणि जपानवालं कापा, पण कुकरच्या सेफ्टी व्हॉल्वचा परिच्छेद कृपया तसाच राहू द्या. आणि शिट्टी बदलताना जुनी सोबत घेऊन दुकानात जा, नुसतं नाव सांगून मागू नका, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलच्या शिट्ट्या पण कधी कधी वेगळ्या असतात.